कानसेन मंडळाचे मार्क

निरंजनने तीन मार्क दिले आणि 'कानसेन मंडळा'त एकच गदारोळ उडाला.

"दहापैकी तीन? दादा, तब्येत बरी आहे ना?" तनुजाने लिहिलं. ही तळवड्याच्या आयटी कंपनीतली पोरगी. आजचं संगीत तिनेच टाकलं होतं.

मंडळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप. व्हिडिओ गेममधल्या संगीतापायी वेडी झालेली माणसं. दर गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, एकाने एक तुकडा टाकायचा. कुठल्या गेममधला ते सांगायचं नाही. आधी मार्क, मग नाव. नावाला भुलून कुणी मार्क वाटू नयेत, म्हणून हा नियम निरंजननेच घातलेला. त्याने मार्क दिले की बाकीचे वाद मिटत. एरवी चाकणच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणक्यात पाळी भरणारा हा माणूस मंडळात आला की उस्ताद व्हायचा.

"पहिलं अर्धं मिनिट नुसती शांतता," त्याने टाइप केलं. "मग एकदम ढोल. बनवणारा झोपला होता वाटतं."

"शांतता कुठेय? घंट्या आहेत की! भुयारात पाणी ठिबकावं तशा. त्यांच्यासाठीच तर टाकलंय!"

कुणी नऊ दिले होते, कुणी साडेनऊ. निरंजनसारखे तीन देणारा एकटा ज्योतीराम निघाला. दोघं औशाकडच्या एकाच गावचे, एकाच आयटीआयचे, आणि आता शेजारशेजारच्या प्रेसवर.

"बघ, माझा माणूस!" निरंजन बायकोला म्हणाला. "ज्योत्याचा कान तयार आहे. बाकीचे आपले तनुजाला खूश करतायत."

योगिनी ओट्यापाशी बसून इराला मऊ भात भरवत होती. पोर जेवेना म्हणून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तरी हसून ती म्हणाली, "लावा बघू परत. मी देते मार्क."

निरंजनने आवाज पूर्ण वाढवला, फोन मध्ये फरशीवर ठेवला आणि मांडी घालून बसला.

पहिली घंटा वाजली. बारीक, लांबवर कुठेतरी. मग दुसरी. इराचं तोंड हलायचं थांबलं. तिने मान वळवली आणि फोनकडे टक लावून बघत राहिली. ओठाला लागलेल्या शिताचंही तिला भान नव्हतं.

"थांब," निरंजन म्हणाला. "सुरू होईल आता."

योगिनीचा हात वाटीतच राहिला.

हल्ली तो दोनदोनदा "काय?" विचारायचा. ती म्हणायची, कामाचा शीण आहे. कधी म्हणायची, लक्ष नाही माझ्याकडे. त्यावरून भांडलीही होती. आता तो समोर बसला होता, परीक्षकाच्या ऐटीत, आणि घंट्या त्याच्या अंगावरून निघून चालल्या होत्या. हो, शांतताच आहे, असं म्हणून टाकावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. आठवड्यातला एवढा एक दिवस त्याचा. तो कशाला मोडायचा? पण इरा नुकती बोलायला लागली होती. सुईसारखा बारीक आवाज होता तिचा.

"अहो, वाजतंय," ती म्हणाली. "केव्हाचं वाजतंय."

तो आधी हसला. मग त्याने लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्यावर नव्हतेच. ते फोनवर होते. एवढ्यात ढोल सुरू झाला आणि तो दचकला.

"पण कंपनीत कानाची तपासणी झाली ना?" योगिनीने विचारलं. या वेळी जरा मोठ्याने. "तुम्हीच म्हणालात, पास झालो."

निरंजनने फोन बंद करून पालथा घातला.

"गाडी येते तपासणीची," तो म्हणाला. "दोघादोघांना शेजारी बसवतात. हेडफोन लावतात. दोघांना एकच आवाज. ऐकू आला की बटण दाबायचं. जाडे आवाज यायचे मला. बारीक येत नव्हते. ज्योत्याचा अंगठा हलला की मी दाबायचो." तो थांबला. "नापास झालो तर लाइनवरून उचलून कुठंही टाकतील गं. आणि त्याचा कान तर..."

वाक्य तिथेच राहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्योतीरामनेही तीनच दिले होते.

निरंजनने त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोल भावा! काय म्हणतीय तुजी तनुजा?"

"ज्योत्या, घंट्या ऐकू आल्या का तुला?"

"कसल्या घंट्या? काय बी न्हाई तिथं. पोरगी येड्यात काढतीय आपल्याला."

"ऐक. घंट्या आहेत. योगिनीला येतात. बारक्या इराला पण येतात. मला येत नाहीत. त्या तपासणीच्या गाडीत मी तुझ्या अंगठ्याकडं बघून बटण दाबत होतो."

पलीकडून काहीच आलं नाही. निरंजनने भेदरून योगिनीकडे पाहिलं. तो बोलतोय का, आणि मलाच ऐकू येत नाहीये का? तिने मान हलवली. नाही, खरंच कुणी बोलत नव्हतं.

मग ज्योतीरामचा आवाज आला, अगदी सावकाश.

"मी तर अंदाजानं दाबत हुतो रे. मागनं तू बी दाबलंस की वाटायचं, बराबर आलं."