कोपऱ्यातला ‘नाही’

‘नाही’ पुन्हा उठला नव्हता.

धाकट्याने कागद खिडकीपाशी नेऊन धरला. बाकी नोटीस सुरेख आली होती. ‘सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, आम्हा दोघा भावांचा यापुढे एकमेकांशी व्यवहार राहणार’ इथपर्यंत अक्षर न् अक्षर काळंभोर. पुढे, खालच्या कोपऱ्यात, जिथे ‘नाही’ असायला हवं होतं, तिथे चिरडलेल्या डासासारखा एक डाग.

“दाब कमी पडतोय,” थोरला म्हणाला.

“शाई कमी पडतेय,” धाकटा म्हणाला.

या दोन वाक्यांवरच छापखाना मोडत होता. छापखाना म्हणजे तरी काय, एक खोली आणि हाताने ओढायचं एक छोटं यंत्र. थोरल्याने शाईचा रूळ फिरवायचा, धाकट्याने कागद लावून दांडा ओढायचा, ही वडलांनी घालून दिलेली रीत. छपाई चांगली आली की दोघंही गप्प. फिकी आली की दोष समोरच्याच्या हाताचा. मध्यंतरी एका चष्मेवाल्याच्या जाहिरातीत ‘स्पष्ट’ हा शब्द तेवढा अस्पष्ट उठला. चष्मेवाला ओरडून गेला आणि भाऊ एकमेकांवर ओरडायला मोकळे झाले. त्या भरात वाटणी ठरली. यंत्र थोरल्याला आणि अक्षरांचे खिळे निम्मे निम्मे. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा काने थोरल्याकडे गेले आणि वेलांट्या धाकट्याकडे. म्हणजे यापुढे एकाला ‘काका’ छापता येणार होतं आणि दुसऱ्याला ‘किती’. ‘काकी’ छापायची तर दोघं लागणार, हे दोघांनाही दिसत होतं. पण आधी बोलेल तो धाकटा, असं झालं होतं. आणि धाकटा आधीच धाकटा होता.

नोटिशीत कानेही होते आणि वेलांट्याही. त्यामुळे ती छापून होईपर्यंत धाकट्याच्या पेट्या दारात नुसत्या बांधून पडल्या होत्या. छापून झाली की त्या हातगाडीवर चढणार आणि धाकटा परगावी मेहुण्याच्या दुकानात कापड मोजायला जाणार. कापडाचा त्याला तिटकारा होता. मेहुण्याचा त्याहून जास्त.

“घ्या, आणखी एक कपटा,” थोरला पुटपुटला. ठसा फिका उठला तर कागदामागच्या गादीवर, नेमक्या त्या जागी, पातळ कागदाचा कपटा खळीने डकवायचा. तेवढाच उंचवटा, तेवढाच दाब. थोरल्याने नखाएवढा कपटा फाडला, बोट ओलं केलं, डकवला आणि शाईच्या रुळाकडे वळला.

धाकट्याने कागद लावता लावता कपटा अंगठ्याने उचलला आणि खिशात टाकला.

पहिल्यांदा तो चुकून सुटून आला होता. दुसऱ्यांदा चुकून नव्हता. एरवी दादाने डकवलेला कपटा काढायचा तर सुरी लागायची. आज नुसत्या अंगठ्याला येत होता. नशीब कधी नव्हे ते बाजूने आहे, असं त्याला वाटलं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. दादा वळून बघेल का, गादी तपासेल का, खिशाचा फुगवटा दिसेल का. दांडा ओढताना त्याचे हात भिजत होते आणि दांडा निसटत होता.

हातगाडीवाला तिसऱ्यांदा आत डोकावला. “छापताय की लिहून काढताय? माझी चाकं गंजली उभ्या उभ्या.” टेबलावरचा कागद त्याने उचलला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचला. “एकमेकांशी व्यवहार राहणार.” त्याने दोघांकडे पाहिलं. “राहणार? मग मला कशाला बोलावलंत?”

थोरल्याचे कान लाल झाले.

“याला विचारा,” तो धाकट्याकडे न बघता म्हणाला. “हातात जोरच उरला नाही याच्या. कापडच मोजावं आता.”

धाकट्याच्या ते वर्मी लागलं. इथे आपण एकेक कपटा चोरून याचं घर सांधतोय आणि हा आपल्याला कापड मोजायला घालवतोय. ठीक आहे. जाऊ.

“लाव कपटा,” तो म्हणाला. “बघू जोर.”

थोरल्याने कपटा फाडला, बोट ओलं केलं, डकवला. या खेपेला धाकट्याने त्याला हातही लावला नाही. कागद लावला, पाय रोवले आणि अंगातलं सगळं बळ काढून दांडा ओढला. यंत्र कण्हलं. त्याने कागद उचलला.

‘व्यवहार राहणार’. आणि कोपऱ्यात डास.

धाकटा कागदाकडे बघत राहिला. मग त्याने गादी बघितली. गादी कोरी होती. कपटा त्याच्या चपलेपाशी पडला होता. आपला आपण सुटून.

त्याने मान वर केली. खळीच्या वाटीवर सकाळी झाकलेली बशी तशीच होती. शेजारचा पाण्याचा पेला मात्र निम्म्यावर आला होता, आणि थोरल्याचं बोट अजून त्यातच होतं. थोरला छताकडे बघत होता. छतात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“तुम्ही निघा,” धाकटा हातगाडीवाल्याला म्हणाला. “आमचं आज काही जमत नाही.”

मग त्याने खिशातले सगळे कपटे काढून भावासमोर टेबलावर ठेवले.

“फाडत बसू नकोस, दादा. हेच लाव परत,” तो म्हणाला. “घाई नाही.”

तो ‘नाही’ मात्र ठसठशीत उठला.