पहिल्या तारखेचा उतारा

एकाहत्तरावं पत्र आलं, तेव्हा कुलूपवाल्यांनी ते चष्मा न लावताच वाचलं. मजकूर पाठ होता. ‘आपल्या घराचा उतारा खालील व्यक्तीने घेतला आहे.’ खाली धाकट्या मुलाचं नाव.

"पहिली तारीख चुकवत नाही पठ्ठ्या," म्हणत त्यांनी पत्र तारेला ओवलं. "भाडं मागणारा मालकही इतका नेमाचा नसतो."

सहा वर्षांपूर्वी धाकट्याने धंद्यासाठी घर तारण ठेवा म्हणून हट्ट धरला होता. कुलूपवाल्यांनी त्याला बॅगेसकट जिन्यापर्यंत पोचवलं. "मी मेलो तरी कळवणार नाही तुला!" वरून ओरडले. घरच्यांनाही ताकीद दिली. मग नोंदणी कचेरीत अर्ज केला: घरावर कुणी कर्जाचा बोजा चढवायला आलं, नुसता उतारा नेला, तरी मला कळवा. जन्मभर लोकांची दारं सांभाळलेला माणूस. स्वतःचं उघडं कसं ठेवेल?

"बाबा, कशाला नेतो ते एकदा विचारा तरी त्याला," मुलगी म्हणाली.

"हो तर! चोराला विचारू, बाबा रे, माझं कुलूप का चाचपतोस?"

"बोजा तर एकदाही चढवला नाही त्याने."

"जमलं नाही म्हणून."

पण त्या रात्री कुलूपवाल्यांना झोप येईना. उद्या याने खोटी सही केली तर? त्याच महिन्यात त्यांनी बक्षीसपत्र करून घर मुलीच्या नावावर केलं. नको नको म्हणतच तिने सही केली. उताऱ्यावरून त्यांचं नाव गेलं, तिचं आलं.

"आता चाचप म्हणावं," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात पत्र आलंच नाही. पाच तारीख गेली, आठ गेली. आधी ते खूश झाले. मग रिकाम्या हातांनी तारेशी चाळा करत बसू लागले. दहाव्या दिवशी काठी उचलून कचेरीत गेले. चोराची फजिती कानांनी ऐकायची होती.

उताऱ्याच्या खिडकीतला कारकून त्यांना ओळखत नव्हता. कुलूपवाल्यांनी घराचा क्रमांक सांगितला आणि आपण शेजारी आहोत, असं ठोकून दिलं.

"दर महिन्याला एक जण यायचा ना इथे? या वेळी फिरकला नाही वाटतं?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "आला होता की. नेहमीसारखा, खिडकी उघडायच्या आधीच. बोज्याच्या रकान्याकडे तो कधी बघायचाच नाही हो. वरचं नाव वाचायचा, कागदाची घडी करून खिशात. एकदा विचारलं, तर म्हणाला, घरचे मला कळवणार नाहीत. वर बाबांचं नाव आहे म्हणजे बाबा आहेत."

कुलूपवाल्यांनी खिडकीची कड धरली.

"या वेळी कागद पुढे केला, तर वर बहिणीचं नाव. त्याने हातसुद्धा लावला नाही. त्या बाकावर दुपारपर्यंत बसून होता. आता पुन्हा येणार नाही म्हणाला. पत्ता विचारायचं माझंही राहूनच गेलं."

कारकून पुढे वाकला. त्याचा आवाज उतरला.

"जाताना मला एक विचारून गेला. मी काय सांगणार? तुम्ही शेजारी, तुम्हाला माहीत असेल. म्हातारे गेले, तेव्हा फार त्रास नाही ना झाला त्यांना?"