तिसरा लाकडी मासा

"पुन्हा घोटाळा," व्याही म्हणाले आणि त्यांनी खिशातून खऱ्या माशांना भुलवायचा लाकडी मासा काढून टेबलावर ठेवला.

माशाची पाठ सोलवटली होती. पाण्यात पडताच वार्निश आधी पांढरं पडलं, मग सालीसारखं निघून तळ्यावर तरंगायला लागलं. खरे मासे ते बघायला जमले होते म्हणे. गळाला तोंड लावायला मात्र एकही आला नाही.

लेकीचे सासरे असूनही व्याह्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. गळ टाकून बसणाऱ्या माणसात हा गुण क्वचितच आढळतो आणि आढळला की तो इतरांना फार महागात पडतो.

मासा घडवला होता तपासनिसांनी. कारखान्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या होत्या. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला त्यांनी घरच्या स्वयंपाकघराची तपासणी केली. डबे उंचीप्रमाणे लावले, त्यात मीठ हरवलं. कांद्याच्या फोडी सारख्या जाडीच्या नाहीत, हे त्यांनी पट्टी लावून सिद्ध केलं. मग एक दिवस बायकोच विहीणबाईंकडून एक जुना लाकडी मासा घेऊन आली. "अहो, असा तुम्हाला जमेल का हो?"

तेव्हापासून ते बाल्कनीत होते. कानस, पॉलिश पेपर, रंगाच्या बाटल्या, अंगभर भुसा.

"पहिल्याचं काय झालं होतं?" बायकोने विचारलं.

"पोटाखालचा गळ शेपटीच्या गळात अडकला," व्याही म्हणाले. "मासा हातात घेतला तर स्वतःलाच पकडून बसलेला!"

ते हसले. तपासनीस हसले नाहीत.

"बस्स! तिसरा करतो. तोही फसला तर बाल्कनी बंद. सगळं सामान भंगारात आणि मी उद्यापासून हिला स्वयंपाकात मदत करणार."

बायकोच्या हातातला कप बशीवर खडखडला. तिला भरून आलं असावं, असं तपासनिसांना वाटलं.

तिसऱ्या माशासाठी त्यांनी जीव ओतला. शरीर थोडं लांब कोरलं. गळ अडकवायच्या दोन्ही कड्या एकमेकींपासून दूर बसवल्या. गळ लावून मासा बादलीत ओढून पाहिला. गळ एकमेकांच्या वाटेला जाईनात. मग ते काढून एका बशीत ठेवले आणि रंगाला लागले. गळ लावलेले असताना वार्निश दिलं तर ते कडीत जाऊन बसतं आणि गळ जागचा हलत नाही, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

या वेळी रंग वाळायची त्यांनी वाट पाहिली. ही गोष्ट त्यांना कारखान्यातही कधी जमली नव्हती. रंग खडखडीत वाळल्यावर वार्निशचा पातळ हात दिला, तो सुकला की दुसरा. मासा दोरीला टांगला. बाल्कनीत पंखा लावायला बंदी, झाडू मारायला बंदी, शिंकायला बंदी.

रविवारी सकाळी व्याही दारात उभे राहिले. तपासनिसांनी मासा दोरीवरून काढून उजेडात धरला. पाठ पाहिली, पोट पाहिलं, भिंग लावून शेपटी पाहिली. वार्निशवर फुगा नाही, सुरकुती नाही, धुळीचा कण नाही.

"पास," ते म्हणाले. सबंध नोकरीत हा शब्द त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारला नव्हता.

बायकोने मासा मऊ फडक्यात गुंडाळून व्याह्यांच्या हातात दिला. "जपून हं, दादा. आता सगळं तुमच्यावर आहे."

दिवसभर तपासनिसांना चैन पडलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं. दुपारी स्वयंपाकघरात गेले, डब्यांकडे पाहिलं आणि खिशातून पट्टी काढली. "संध्याकाळपर्यंत तरी थांबा ना!" बायको जवळजवळ ओरडलीच.

संध्याकाळी बेल वाजली. व्याह्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून हातभर माशाची शेपटी बाहेर आली होती.

"लागला?" तपासनिसांचा आवाज चिरकला.

"लागला म्हणजे काय!" व्याही पायपुसण्याकडे बघत म्हणाले. "गळ असा रुतला होता की पक्कड लावून काढावा लागला."

"आणि वार्निश?"

"जसंच्या तसं." व्याह्यांनी फडक्यातला मासा परत केला. खरंच, एक ओरखडासुद्धा नव्हता. "वहिनी, हा तळ्यावरच साफ करून आणलाय. तुम्हाला त्रास नको."

बायको भिंतीला टेकली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तपासनिसांच्या छातीवरचा दगड उतरला. जेवताना त्यांनी तीनदा वाढून घेतलं, चौथ्या माशाचा बेत सांगितला आणि फोडींच्या जाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. व्याही मान खाली घालून जेवत होते. जाताना चप्पल उलटसुलट घालून गेले.

तपासनीस शीळ घालत बाल्कनीत आले. विजयी मासा खिळ्याला टांगावा म्हणून त्यांनी ब्रशांचा डबा बाजूला सरकवला. मागे बशी होती. बशीत दोन्ही गळ होते, कोरे करकरीत, त्यांनी बादलीतून काढून ठेवले होते तसेच.

त्यांनी हातातला मासा उलटा केला. पोटाखाली रिकामी कडी. शेपटीला रिकामी कडी.

आतून बायकोचा दबका आवाज आला. ती फोनवर होती.

"वाचले हो, विहीणबाई! दादांनी अगदी छान निभावलं. फक्त पुढच्या रविवारी मासेवालीला म्हणावं, साफ करून देऊ नकोस. आमच्याकडे तपासनीस आहेत."