राजलिंगमला फोटोतून काढताना

सकाळी ओदेलूने स्टुडिओ उघडून कॉम्प्युटर लावला, तर फोटोचं सॉफ्टवेअर आपलं आपणच अपडेट होत बसलं होतं. तासाभराने उघडलं तेव्हा डावीकडची बटणं उजवीकडे गेली होती आणि निम्मी दिसतच नव्हती. तीन महिन्यांतली ही दुसरी खेप. पंचवीस वर्षं लोकांचे चेहरे दुरुस्त करणारा माणूस आंधळ्यासारखा चाचपडत राहिला.

बाकावर लसुमव्वा बसली होती, शेजारी तिची मुलगी स्रवंती. घरच्या भिंतीवरून उतरवून आणलेला मोठा फोटो लसुमव्वाने मांडीवर उभा धरला होता, काचेची बाजू पोटाशी.

"यातून ह्यांना काढायचंय, अण्णा. उद्या पोरीला बघायला करीमनगरची माणसं येतायत. आल्या आल्या विचारतील, वडील कुठंयत?"

"मस्कतला आहेत म्हणून सांग."

"सहा वर्षं तेच सांगतेय. तिकडं दुसरा संसार मांडलाय, हे अख्ख्या जगत्यालला ठाऊक आहे."

"मग फोटोच लावू नकोस."

"सासूबाई आहेत ना त्यात! त्यांचा दुसरा फोटो नाही. लेकाचं नाव टाकून म्हातारी शेवटपर्यंत माझ्यापाशी राहिली."

फोटो ओदेलूनेच केलेला. नऊ वर्षांपूर्वी स्रवंती मोठी झाली, तेव्हाच्या लंगा-ओणीच्या, म्हणजे पोरीला पहिल्यांदा परकर-ओढणी नेसवण्याच्या कार्यक्रमातला. लसुमव्वाचा नवरा राजलिंगम तेव्हाही मस्कतलाच होता. ओदेलूने त्याला मागाहून फोटोत उभं केलं होतं. असे आखातात कामाला गेलेले निम्म्या गावाचे नवरे त्याने घराघरांतून उभे केले होते.

म्हणजे काम दोन मिनिटांचं. फाइलमध्ये प्रत्येक माणसाचा वेगळा लेयर होता, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसा. राजलिंगमचा लेयर बंद केला की राजलिंगम गेला. ओदेलूने जुन्या डिस्कमधून फाइल शोधून काढली. पडद्यावर सूचना आली : फाइल जुन्या आवृत्तीतली आहे, सगळे लेयर एकत्र करूनच उघडेल.

त्याने हैदराबादला कंपनीच्या मदत केंद्रात फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई बोलली. "तुमचं मशीन जुनं आहे, सर. ही आवृत्ती त्याच्यावर पूर्ण चालणार नाही."

"मग घातलीत कशाला?"

"ती आपोआप येते, सर."

"आपोआप परत न्या. मला जुनी द्या."

"जुनी आता मिळत नाही, सर. आणखी काही मदत करू का?"

"नको," म्हणून ओदेलूने फोन ठेवला आणि फाइल उघडली. लसुमव्वा, म्हातारी, स्रवंती, राजलिंगम, मागचा निळा पडदा, सगळं एकमेकांना चिकटून एकच चित्र होऊन समोर आलं.

"निघेल ना?" लसुमव्वाने विचारलं.

"खरवडावा लागेल."

शेजारच्या पडद्याचा तुकडा उचलायचा, राजलिंगमवर ठेवायचा, कड मिटवायची. पुन्हा तुकडा. डोळ्यांत पाणी यायला लागलं तसा ओदेलूने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आधी कपाळ गेलं, मग मिशी. लसुमव्वा उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. दुपारचे दोन वाजले. जेवायला जा म्हटलं तरी दोघी गेल्या नाहीत.

शेवटी राजलिंगमचा हात तेवढा उरला. तो स्रवंतीच्या खांद्यावर होता आणि त्याच्याखाली तिची ओणी दबून चुण्या पडल्या होत्या. हात काढायचा म्हणजे खांदा नव्याने घडवायला हवा. त्यासाठीचं बटण ओदेलूला सकाळपासून सापडलं नव्हतं.

"राहू दे ना तो, काका," स्रवंती इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली. "मागं आजी आहेच. तिचाच म्हणू."

"त्याचा हात तिचा म्हणायचा?" लसुमव्वा कडाडली. "पूस म्हटलं ना! बोटसुद्धा ठेवू नकोस, अण्णा."

ओदेलूने माऊस सोडला. खुर्ची मागे फिरवली.

"तो हात राजलिंगमचा नाही, लसुमव्वा. मस्कतहून त्याचा पासपोर्टचा फोटो आला होता. छातीपर्यंतचाच. हात आणायचा कुठून?"

"मग?"

"माझा आहे. ह्याच खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता, आमच्या हिनं काढला फोटो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही तेव्हा. दुबई-मस्कतवाल्यांच्या बहुतेक फोटोंत माझाच आहे."

स्रवंतीचा हात आपसूक खांद्याकडे गेला. मग तिला हसू आलं, पण आईकडे बघून तिने ते गिळलं.

लसुमव्वा पडद्यापाशी वाकली. आधी फोटोतल्या हाताकडे, मग ओदेलूच्या गुडघ्यावर पडलेल्या हाताकडे तिने पाहिलं. आताच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. ती परत बाकावर जाऊन बसली. बराच वेळ पदराने फोटोची काच पुसत राहिली.

"मनगटाच्या वरचा भाग सासूबाईंच्या पदराखाली सरकवता येईल?"

"येईल."

"त्यांच्या मनगटावर गोंदण होतं. तीन ठिपके."

ओदेलूने ब्रश घेतला आणि पडद्यावरच्या स्वतःच्या मनगटावर पहिला ठिपका ठेवला.

"काळा नको, अण्णा," लसुमव्वा बसल्या जागेवरून म्हणाली. "हिरवा. आणि जरा विटलेला."