हात फिरवलेलं चित्र

सूड ही कला आहे आणि कलेला साधना लागते. प्रेमिला निखारेची साधना तीन वर्षं चालली, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर.

चित्रकलेचे गावंडे सर कोणाचंही चित्र जसंच्या तसं ठेवत नसत. "आण वं इकडे, हात फिरवून देतो," म्हणत एक रेघ ओढायचे आणि खाली स्वतःची सही ठोकायचे. १९७४ साली सीताबर्डीच्या प्रदर्शनात प्रेमिलाची संत्री अशीच सरांच्या नावाने लागली.

"सर, ते माह्यं चित्र होतं."

"तुले साधी सुरई तरी जमते का वं?"

सगळा वर्ग तिला हसला.

मॅट्रिकच्या निरोपाच्या दिवशी तिने फळाभर सरांनाच काढलं. तपकिरीने फुगलेलं नाक, खुर्चीत झोप, उघडं तोंड. या वेळी वर्ग सरांना हसला. तेवढ्यात हेडमास्तर आत आले, मागोमाग गावंडे सर.

"कोणी काढलं हे?"

याच प्रश्नासाठी तीन वर्षं थांबलेली प्रेमिला उठून उभी राहिली. तोवर सरांनी खडू घेऊन फळ्यावरच्या कानाला एक रेघ ओढली होती.

"मीच, साहेब. पोराईले स्वतःवर हसाले शिकवून राहिलो."



हेडमास्तरांनी ते चित्र महिनाभर पुसू दिलं नाही. खाली सही सरांची होती.