टॅन्सीच्या नावाचं घर

कोरीनने पाकीट पुढे सरकवलं आणि डेल्फीननेच ते फोडलं. महिला मदत केंद्रात अशी पाकिटं फोडण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

"झालं बाई तुझं काम!" पहिलं पान वाचून ती म्हणाली. "पतनोंद ठेवणाऱ्या कंपनीने लेकीची नोंद गोठवली. आता टॅन्सीच्या नावावर कुणाला काडीचंही उधार मिळायचं नाही."

मग तिने दुसरं पान उलटलं आणि ते पुन्हा वरपासून वाचलं.

"काय आहे?"

"गोठवायच्या आधीचं आहे हे. तिच्या नावावर कुणीतरी विजेचं कनेक्शन घेतलंय. मागच्याच महिन्यात."

"सात वर्षांची आहे ती!"

"वीजवाले सरकारी ओळख-नंबर बघतात गं. वय कोण बघतंय?"

टॅन्सीचा नंबर कोरीनला पाठ होता. तिच्याशिवाय तो फक्त टॅन्सीच्या बापाला, रॉइसला ठाऊक होता.

"कुठलं कनेक्शन? तिकडचंच ना, टल्साचं?"

डेल्फीन पानाची घडी घालू लागली. कोरीनने तिच्या हातातलं पान ओढून घेतलं. अकराशे चाळीस, प्रूइट रस्ता, सलायना.

सलायना म्हणजे हेच गाव. रॉइसचा मार चुकवून सहा महिन्यांपूर्वी टल्साहून लेकीला घेऊन ती इथे आली होती. पत्ता आईलासुद्धा कळवला नव्हता. आणि प्रूइट रस्त्यावर टॅन्सीची शाळा होती.

"दुसराच कुणी असेल," कोरीन म्हणाली. "चोर असेल एखादा. डेल्फीन, म्हणा ना, चोर असेल!"

डेल्फीनने फोन उचलून पोलिसांचा नंबर फिरवला. "रॉइसने जवळ यायचं नाही असा कोर्टाचा मनाई हुकूम आहे ना तुझ्याकडे? तो राहू दे इथे, पोलिसांना दाखवायला. तू पोरीला घेऊन ये. आधी निघ."

शाळा सुटायला अजून तासभर होता. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना काय सांगितलं ते कोरीनला नंतर आठवेना. टॅन्सी दप्तर घेऊन आली, तशी तिला जवळजवळ उचलूनच तिने गाडीत घातलं. दारं लॉक केली. रस्त्याच्या पलीकडे एकसारखी सहा-सात घरं होती. नंबर वाचायला तिने मान वर केली नाही. किल्ली फिरवली.

आरशात पाहिलं तर मागची सीट रिकामी.

"टॅन्सी!"

"मी इथेय, मम्मी." आवाज खालून आला. दोन सीटांच्या मधल्या जागेत पोर अंगाचं मुटकुळं करून, दप्तर डोक्यावर घेऊन पडली होती. "पप्पा आलेत का? या वेळी किती आकडे मोजून बाहेर यायचं?"