तांदळाचा डबा

वरच्या मजल्यावरची दीक्षा आली की हेमाकाकू तिला वेगळ्या कपात चहा देत आणि तो कप बाहेर खिडकीत ठेवत. त्यांचा मोबाइल बादलीत पडला, तेव्हा मात्र त्या धावत तिच्याकडेच आल्या. वारलेल्या काकांचा आवाज त्यातच होता.

"तू इलेक्ट्रॉनिक्सवाली ना गं? वाचव बाई."

संध्याकाळी दीक्षाने मोबाइल आपल्या घरच्या तांदळाच्या डब्यात पुरून खाली आणला.

"दोन दिवस उघडू नका. आणि डबा देवघरात ठेवा, कोरडी जागा तेवढीच."

"तुमचे तांदूळ? देवघरात?"

"मग काकांचा आवाज विसरा, काकू."

काकूंनी डबा दोन्ही हातांनी धरला आणि देवांपुढे ठेवला.

दीक्षा जिना चढू लागली. मोबाइल तिने दुपारीच उघडून, पुसून, वाळवून सुरू केला होता. तांदळाची गरज त्याला नव्हतीच.